दरवानाचा आवाज

कूलरमध्ये पाणी भरलं की वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरतो आणि मला बुलढाण्यातली ती दुपार आठवते. ताई आणि मी जुन्या कॉम्प्युटरसमोर एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसलो होतो. जादू आणि तलवारींच्या त्या गेमचा तो पहिलाच भाग. त्यातली माणसं बोलत नसत, खाली नुसत्या इंग्रजी ओळी उमटत. मला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून ताई वाचायची आणि प्रत्येकाला आवाज द्यायची. किल्ल्याच्या म्हाताऱ्या दरवानाने माझ्या योद्ध्याला अडवलं, तशी ती घसा खरवडून म्हणाली, "काऊन बे, कुठी जाऊन राह्यला? मायले सांगून आला काय?"

मी हसता हसता खुर्चीवरून पडलो.

"हासू नको बे, मांगून ड्रॅगन येऊन राह्यला!"

पुढचे भाग येत गेले. चेहरे खरे दिसू लागले, माणसं बोलू लागली. मी एकही भाग सोडला नाही. यंदा तर तो दरवानही परत आलाय. काय तो भारदस्त आवाज! मला ऐकवत नाही.

ताई शेजारी पलंगावर असते. अर्धांगवायूने तिची वाचा गेली. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. तरी रोज दुपारी मी गेम लावतो, दरवानापाशी येतो आणि आवाज बंद करतो. खाली ओळ उमटते. ताईचे डोळे शेवटच्या शब्दापर्यंत जातात. मग ती भिंतीकडे मान वळवते, आणि मी आवाज पुन्हा सुरू करतो.