घोंगडीतला बर्फ

सात रस्त्यावरच्या बर्फवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बर्फाची लादी आली की तो आधी बोटानं टकटक करायचा, कान लावून ऐकायचा आणि मग तिला घोंगडीत गुंडाळायचा.

एका उन्हाळ्यात माझ्यानं राहवलं नाही. "येड्या, घोंगडीत ऊब असती. बर्फ वितळंल की!"

"घोंगडीत कसली ऊब, आजोबा? ती नुसती राखण करती. आतली भाईर सोडत न्हाय, भाईरची आत घेत न्हाय. बघा की, बघा की!"

मला लई झोंबलं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. तिची ऊब उडून जाईल म्हणून तिची घोंगडी मी ट्रंकेत कुलपात ठेवली होती. तीच काढून आणली. "ही माझ्या बायकोची हाय. हिच्यात ऊब न्हाय म्हणतोस? लाव पैज!"

बर्फ वितळला तर त्यानं सगळ्यांना सरबत फुकट पाजायचं. नाहीतर मी पोरासारखा भर रस्त्यात बर्फाचा गोळा चोखायचा.

बर्फाचा एक खडा उन्हात ठेवला, एक तिच्या घोंगडीत. टांगेवाले घोडी सोडून बघायला आले. उन्हातला गटारीत वाहून गेला. घोंगडी उलगडली तर आतला तसाच, टपोरा! शिट्ट्या वाजल्या. बिनदाताच्या तोंडानं मी लालभडक गोळा चोखला आणि वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसलो.

निघताना त्यानं आणखी एक गोळा घोंगडीत बांधून दिला. "आज्जीला न्या. घरापातूर वितळत न्हाय."

त्याला ठाऊक नव्हतं. मी "व्हय" म्हणालो आणि झपाझप घर गाठलं. गोळा खरंच तसाच होता. तिच्या वाटणीचा मीच खाल्ला. घोंगडी वाळत घातली, ती परत ट्रंकेत ठेवली नाही.