दाजींच्या जीपचे टर्मिनल

दाजी गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी 'बरं' म्हणालो आणि रिसिव्हर ठेवून दिला. थोरल्या बहिणीचा नवरा गेल्यावर कुणी 'बरं' म्हणतं का? हट्ट्याला, अक्काच्या गावी पोचलो, तिच्याजवळ बसलो, तेरावंही झालं... सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरी चालल्यासारखं. डोळ्यांत पाणी म्हणून आलं नाही.

दाजींना शेतापेक्षा जीपचं कौतुक जास्त. नव्वदच्या सुमारास त्यांनी ती जुनीच घेतली आणि मेकॅनिकला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा बुरा चढला की अक्काच्या डब्यातला खायचा सोडा गायब व्हायचा. "बापू, काळी वायर आधी काढायची अन् लावताना शेवटी. पयला शब्द तुज्या अक्काचा, शेवटचाबी तिचाच," असं म्हणून अक्काकडं बघत हसायचे. जाण्याआधीच्या शनिवारी त्यांचा फोन आला होता. "बॅटरीचे टर्मिनल पार सडलेत, जीप धड चालू होत न्हाई. नवे आणून ठेवलेत. उद्या ये, दोघं मिळून बसवू." मला कंटाळा आला. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. मंगळवारी पहाटे त्यांच्या छातीत दुखलं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून वसमतच्या दवाखान्यात नेताना वाटेतच संपले. जीप दारात असताना टेम्पो कशाला... तीन आठवडे डोक्यात हेच, आणि विचारायची हिंमत होईना.

परवा गेलो आणि बॉनेट उघडलं. जुना टर्मिनल पान्ह्याखाली बिस्किटासारखा तुटला. अक्का गरम पाणी घेऊन आली. तिच्याकडं न बघता विचारलं, "अक्का, त्या दिवशी जीप चालू झाली न्हाई का?"

"तिला हातबी लावला न्हाई कुनी. झोपवून न्यायचं व्हतं, म्हणून टेम्पो. तू काहून जिवाला लावून घेऊन राहिलास?"

मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सोड्याचं पाणी ओतलं, बुरा फसफसून वाहून गेला. वायरींची टोकं घासली, नवे टर्मिनल आवळले. शेवटी काळी वायर टेकवली तशी ठिणगी उडाली आणि आत, स्टिअरिंगपाशी, लाल दिवा लागला. चावी फिरवलेलीच होती. दाजी गाडी लावली की चावी काढून खुंटीला अडकवायचे. म्हणजे त्या पहाटे जीप चालू करून पाहिली होती, आणि ती झाली नव्हती.

अक्कानंही दिवा पाहिला. आत वाकून तिनं चावी बंद केली.

"हात धू," ती म्हणाली. "पानी गार होऊन राहिलंय."

ती वरून पाणी घालत राहिली आणि मी हात धूत राहिलो.