समुद्राकडची बाजू

मांडवी बंदराच्या वरच्या अंगाला चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली, तेव्हा गावाने तिचं बारसं लगेच उरकलं: फ्रीज. जांभ्याच्या भिंती आणि कौलांच्या मधोमध ती पांढरीफेक, काचेची, लखलखत उभी होती. लोक येता-जाता नाकं मुरडत. शेवटी बिल्डरने तिचं रूप बदलायचं काम माझ्याकडे दिलं. मी इथलीच, मच्छीमाराची मुलगी, पुण्यात शिकून आर्किटेक्ट झालेली. गावात शोभेल असं काहीतरी करा, एवढंच त्याचं म्हणणं.

मजले काही कमी करता येत नव्हते. मी काच उतरवली, भिंतींना जांभ्याच्या पातळ लाद्या लावल्या, गॅलऱ्यांवर कौलांची उतरती छपरं काढली. बाजारातून, किल्ल्यावरून, एसटी स्टँडवरून ती कशी दिसेल, याची चित्रं आधीच करून घेतली होती. काम संपत आलं तेव्हा इमारत मागच्या टेकडीत पार मुरून गेली. मी स्वतःवर जाम खूश होते.

बाबांना ते दाखवायचं होतं. ते म्हणाले, होडीतून बघू. आमच्यात बायका होडीत बसत नाहीत. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं काम आमचं. चाळिशीत पहिल्यांदाच मी गावाकडे समुद्रातून पाहिलं.

बाबा बराच वेळ डोळ्यांवर हाताची सावली धरून टेकडीकडे बघत बसले. आत येताना वाटेत पाण्याखाली खडक आहे. तो चुकवायला पूर्वी ते टेकडीवरच्या वडावर नजर ठेवून होडी वळवत. वड तोडून फ्रीज आला. त्याला तोंडभर शिव्या घालून झाल्यावर बाबा त्याच्यावरच नजर ठेवून वळू लागले होते.

"चांगलां केलंस बाय," ते म्हणाले. "पन आता मी कशावर बघून वळायचां?"

मला लाज वाटली. इतकी चित्रं काढली, आणि ज्या बाजूने माझा बाप रोज घरी येतो ती तेवढी राहिली.

गच्चीवरची टाकी मी पांढरीच ठेवायला लावली. बिल्डर कुरकुरला, पण मी हटले नाही. हल्ली गाव इमारतीला नावं ठेवत नाही, मला ठेवतं. एवढं सगळं केलंस आणि टाकी रंगवायची विसरलीस, असं मासळीबाजारात तोंडावर ऐकवतात. मी ऐकून घेते. पलीकडे टाकीवर नजर ठेवून आत आलेले बाबा किनाऱ्याला लागलेल्या होडीतून जाळं उतरवत असतात.