वाहून जाणारा पाणबुड्या

लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा माझे धाकटे दीर नौदलात पाणबुडे होते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून लखदीव बेटांकडच्या प्रवाळाच्या खडकांवर उतरायचं, हे त्यांचं काम. माझे सासरे वकील. मुलगा रजेवर आला की त्याचं व्याख्यान ठेवायचं आणि अध्यक्ष म्हणून आपणच बोलायचं, हे त्यांचं.

साठ सालानंतरची गोष्ट. कार्तिकात वाचनालयात सभा भरली. मामंजींनी समुद्रमंथनापासून सुरुवात करून तासभर समुद्र घुसळला. तोवर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. उरलासुरला वेळ भाऊजींना मिळाला.

ते साधं बोलले. पावसाळ्याआधी प्रवाह एका अंगानं वाहतो, नंतर उलटा फिरतो. खडकाच्या ज्या बाजूला पाणी आदळतं तिथं मासे जमतात, म्हणून उतरायची जागा मोसमागणिक बदलते. भरतीचं पाणी काचेसारखं, ओहोटीचं गढूळ. आणि प्रवाहाशी भांडायचं नाही. भांडलं की दम लागतो, हवा लवकर संपते.

"मंग वापस कसे येता जी?" तालमीच्या वस्तादांनी विचारलं. अर्ध्या गावाला विहिरीत ढकलून पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

"वापस येतच नाही. प्रवाहासोबत पुढं निघतो. होडी आमचे बुडबुडे पाहत मागं येते."

"म्हंजे तुमी पोहत नाही, वाहून जाता! आमच्याकडं तशी म्हैसही जाते."

सभा हसली. अध्यक्षही हसले.

पुढच्याच आठवड्यात कौंडण्यपूरची जत्रा होती. वर्धा नदीला अजून चांगली ओढ होती, तेव्हा दोघांत खरा पोहणारा कोण, याचा निकाल तिथंच लावायचं ठरलं. पलीकडच्या काठावरच्या बाभळीला हात लावायचा. भाऊजींनी आधी पाणी न्याहाळलं, काठानं बरंच वर चालत गेले आणि तिथून शिरून तिरपे वाहत अलगद बाभळीपाशी लागले. वस्तादांनी मात्र मांडी थोपटली आणि बाभळीच्या नाकासमोर उडी घेतली. नदीनं त्यांना खालच्या वळणावर नेलं, आणि तेही याच काठाला. नुसत्या लंगोटावर, चिखलानं माखलेले, ते अख्ख्या जत्रेतून धापा टाकत परत आले.

निकाल लागला असं मला वाटलं. लागलाच.

"वस्ताद पाण्याशी लढले!" लोक ओरडले. "या पोरानं काय केलं? पाण्यानं नेलं तिकडं गेला."

जिंकणाऱ्यासाठी आणलेली शाल मामंजींनी वस्तादांच्या ओल्या खांद्यावर घातली. वर नारळ दिला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. मी पदराआड हात घट्ट धरून उभी होते, इतका मला राग आला होता.

"तुम्ही बोलला का नाहीत?" परतताना मी विचारलं.

"काहून बोलू, वहिनी? दम त्यायले लागला होता. नारळ त्यायलेच पाहिजे होता."

पुढच्या रजेत त्यांनी घरात सांगून टाकलं की, आपल्याला आता बंदरावर टेबलाचं काम मिळालं. साफ खोटं; पाण्यात उतरणं चालूच होतं. मामंजी हरखले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "लेक साहेब झाला. आता पाण्यात पायही घालावा लागत नाही!"

तोवर भाऊजींना कुणी मुलगी द्यायला तयार नव्हतं; मग मात्र धडाधड स्थळं यायला लागली.