आधीच केलेला मलिदा

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. सुरतेत आमच्यातली मोजून दोन घरं, आणि त्यातल्या दुसऱ्याशी आमचं बोलणं बंद. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते आम्हाला मुंबईहून मागवावे लागले असते. देवावरचा भरवसा मात्र आमच्याकडे भरपूर होता.

बाबा पलसाण्याच्या मिलमध्ये डाइंग मास्तर. ओलं कापड चिमटीत धरून रंग पक्का की कच्चा ते सांगायचे. एका सोमवारी त्यांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. बोटं राहतील की जातील, हे शुक्रवारी पट्टी सोडल्यावर कळणार होतं.

गुरुवारी आईने पोहे भिजवले. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, हा आमचा मलिदा. आमच्या एका जुन्या नबीच्या, प्रेषिताच्या नावाने करतात, आभार मानायला.

"कशाचे आभार?" मी विचारलं.

"हातावर निभावलं, जीव वाचला, त्याचे."

"आणि बोटांचं काय?"

"त्यांचेही मानून टाकते. भरवसा आहे तर उशीर कशाला?"

काम व्हायच्या आधी पेढे कचेरीतसुद्धा कोणी वाटत नाही, हे मी सुनावलंच. खोबरं खवायला आलेल्या शेजारच्या धुळ्याच्या मावशीही बुचकळ्यात पडल्या. "भाऊ ते आजून दवाखानामा शेतस, मंग हाई कसानी पूजा?" आईने त्यांना मलिद्याची वाटी भरून दिली. मावशींनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

शुक्रवारी पट्टी सुटली. दोन बोटं काढावी लागतील, असं डॉक्टर फार गोड गुजरातीत म्हणाले. आई कागदांवर सही करायला बाहेर गेली. मला तिचा राग आला, नबीचा आला, आणि त्याच्या वरच्याचा तर विचारूच नका.

वाईट बातमी ऐकली की आमच्यात एक बेराखा, छोटीशी प्रार्थना, म्हणतात: खरा न्याय करणारा तो धन्य. बाबांनी डाव्या हाताने डोकं झाकलं, हिब्रूत ती म्हटली आणि माझ्याकडे बघत राहिले. ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं असतं, आणि वॉर्डभर आमच्यातलं दुसरं कोणीच नव्हतं. मी देवाशी अबोला धरला होता. तोंड मिटून उभी राहिले.

बाबांनी डोक्यावरचा हात तसाच ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला एकट्याला नाही गं जमत हे."

मी आमेन म्हटलं. इतक्या रागाने, की शेजारच्या खाटेवरचे काका उठून बसले. बाबांनी मान हलवली, जणू एवढंच हवं होतं, आणि सोमवारपासून पहिल्यांदाच ते रडले.