आधी मॅडमचा शब्द

वरण ढवळत असताना मॅडमनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. सगळ्यांदेखत. "उद्यापासून तू लाँड्रीत. रेसिडेंट्सना चालणार नाही."

इंग्लंडातल्या लेस्टरमधलं केअर होम, म्हणजे वृद्धाश्रम. मॅडम मालकीण. निम्मे म्हातारे आपल्याकडचे, म्हणून रोज वरणभात. दोन वर्षं मी तो शिजवला आणि त्यांनी मागून मागून खाल्ला. मग माझ्या गावची कुणीतरी मॅडमना भेटली आणि माझी जात कळली. कुठल्या रेसिडेंटनं तक्रार केली, हे मी विचारलंसुद्धा नाही. मान खाली घालून चादरी धुवायला गेले. त्या मानेची मला अजून चीड येते.

दोन महिने धुतल्या. मग ट्रायब्युनलकडे, म्हणजे इथल्या कामगार कोर्टाकडे, अर्ज केला.

लगेच मराठी मंडळाच्या काकांचा फोन. रविवारी हॉलवर ये, चार वडीलधारे बसतील, आपल्यातलं आपल्यात मिटवू. गोऱ्यांपुढे आपली लक्तरं कशाला टांगायची. काका माझ्याशी इतकं गोड कधीच बोलले नव्हते.

लाँड्रीत माझ्यासोबत पलवशा असते, पेशावरकडची पठाण. मला वाटलं, काकांचं बोलावणं ऐकून हसेल. हसली नाही. त्यांच्याकडे जिरगा म्हणजे पंचांची बैठक, ती ठरलेलीच. शहरात कोर्ट आहे, पण तिच्या वडिलांचा बांधाचा तंटा तिथं वर्षानुवर्षं कुजला आणि जिरग्यानं दोन बैठकांत मिटवला. त्याच जिरग्यानं एका खुनाच्या भांडणात भरपाई म्हणून तिच्या आत्याला विरुद्ध बाजूच्या घरात देऊन टाकलं. आत्याला कुणी विचारलं नाही. बाईला तिथं बसायला जागाच नाही. सांगताना पलवशा एकाच चादरीची घडी मोडून पुन्हा घालत होती.

मग म्हणाली, "पण जिरगासुद्धा आधी दोन्हीकडून इख्तियार घेतो. तुम्ही ठरवाल ते मान्य, असा दोघांचा शब्द. एकदा दिला की परत मिळत नाही. तुझ्या मॅडमनी दिलाय?"

रविवारी टेबलापलीकडे मंडळाचे काका आणि आणखी तीन वडीलधारे. त्यांच्याच रांगेत मॅडम, चहा पीत. अलीकडे एकच खुर्ची, माझी.

काका म्हणाले, "आम्ही ठरवू ते तुला मान्य ना? मग आधी केस विथड्रॉ कर, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल."

मी विचारलं, "मॅडमना मान्य आहे? किचनमध्ये परत घ्या म्हणालात, तर घेतील?"

चौघे मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी कप खाली ठेवला. "होम माझं आहे. मी कशाला शब्द देऊ?"

"अगं, त्यांचं वेगळं आहे," काका मला म्हणाले.

वेगळं आहे. म्हणजे मुकाट्यानं मानायचं ते मीच. निकाल घरूनच लावून आले होते, माझी फक्त मान हवी होती. मी म्हणाले, "मग माझाही शब्द नाही." आणि उठले. मागून कुणीतरी कृतघ्न म्हणालं. म्हणू दे.

केस चालू आहे. हरेनही कदाचित. कोर्ट काही माझं माहेर नाही. पण तिथं मॅडमना पंचांच्या रांगेत खुर्ची नाही, माझ्यासारखंच समोर बसून उत्तर द्यावं लागेल.

डाव काढून घेतला तेव्हा पलवशा ट्रॉली घेऊन दारात उभी होती. ती साक्षीला येणार आहे. नोकरी जाईल, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, जाऊ दे, मला एकदा बसून बोलायचंय.

आम्ही दोघी बसून बोलणार आहोत. मान वर करून.