शैलामावशींची कुमा नदी

वास्तुशांतीला आलेल्या सगळ्यांनी आमचं किचन पाहिलं. शैलामावशी मात्र पाण्याचा ग्लास घेऊन थेट मागच्या अंगणात गेल्या, पाणी जमिनीवर ओतलं आणि ते कुठे जातंय ते पाहत उभ्या राहिल्या. "ओढ्याकडे जातं. घर चांगलं आहे," म्हणाल्या. वेस्ट विंडसरमध्ये माझ्या घराचं इतकं रुक्ष कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मावशी आमच्या शेजारीण, मूळच्या नागपूरच्या. जपानमधल्या कुमा नदीच्या पुरांचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली. विषय कुठलाही असो, गाडी कुमावर यायची. "डोंगरांत परातीसारखं खोरं, त्यात गाव. चारी बाजूंनी ओढे येऊन पडतात आणि बाहेर जायला एक अरुंद घळ. मग परात भरणार नाही तर काय? पाणी येतं कुठून ते सगळे विचारतात. जातं कुठून ते विचारा नं."

मी विचारलं नाही. पुण्याहून बाबा यायचे होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिने नकोत, म्हणून अंगणात उघडणाऱ्या बेसमेंटमध्ये त्यांची खोली केली आणि ओढा आत येऊ नये म्हणून अंगणाला मातीचा बांध घातला. डिझाइन माझंच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा.

"याला दार कुठंय?" मावशींनी विचारलं.

"दार ठेवलं तर बांध कशाला, मावशी?"

"जपानात जुने बांध मुद्दाम मध्येमध्ये उघडे ठेवलेत. तू तर परात बनवून राहिला."

ऑगस्टमध्ये एका दुपारी धो धो पाऊस झाला. ओढा बांधापलीकडून गुमान वाहत होता, मी व्हिडिओ काढत होतो. तेवढ्यात रस्त्यावरचं पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी उतरून अंगणात साठलं. बांधाने ते चोख अडवलं. ते बाबांच्या दाराला लागलं.

रेनकोट घातलेल्या मावशी फावडं घेऊन आल्या. ओढ्याकडची बाजू मी दगड रचून पक्की केली होती. कच्ची होती ती फक्त त्यांच्याकडची.

"इकडून फोड."

"तिकडे तुमची मेथी आहे."

"मीच लावली, माहितेय मला. फोड."

पाणी त्यांच्या वाफ्यांतून ओढ्याला गेलं. बाबांच्या खोलीत जेमतेम पायपुसणं भिजलं.

गेल्या वर्षी मावशी मुलीकडे चँडलरला राहायला गेल्या. त्याआधी त्यांनी पुन्हा मेथी लावली होती, पण बागेच्या दुसऱ्या टोकाला. पाणी गेलं तो पट्टा मोकळाच होता.

"इथे का नाही लावली?" मी विचारलं.

"तुझे बाबा अजून खालीच झोपतात नं?" म्हणाल्या आणि मेथी खुडायला वाकल्या.